मोजणी वेगळी, भाकीत वेगळं

आर्क्टिक महासागरावर तरंगणाऱ्या बर्फाची जाडी कोणताही उपग्रह थेट मोजत नाही. माझी सगळी नोकरी या एका वाक्याभोवती गेली आहे, आणि लोकांपुढे बोलताना ते सुरुवातीलाच सांगून टाकावं असं माझं ठाम मत आहे. उपग्रह मोजतो ती बर्फाची पाण्यावर आलेली उंची. समुद्री बर्फाचा नववा-दहावा हिस्सा तेवढा पाण्याबाहेर असतो, बाकी सगळा खाली. बर्फाला भेगा पडतात, भेगेत उघडं पाणी दिसतं. उपग्रहावरून सोडलेली लहर त्या पाण्यावरून परत यायला किती वेळ लागला आणि शेजारच्या बर्फावरून यायला किती, या फरकातून उंची निघते. दोन मीटर जाडीचा बर्फ असेल तर ही उंची जेमतेम वीतभर भरते, आणि युरोपचा 2010 साली सोडलेला क्रायोसॅट-2 ती सातशे किलोमीटरवरून मोजतो. उंचीत एका सेंटिमीटरची चूक झाली की जाडीत सुमारे दहा सेंटिमीटरची होते.

त्यात भर पडते बर्फावर साठलेल्या भुसभुशीत हिमाची. उपग्रह लेसरचा असेल तर किरण हिमाच्या वरच्या थरावरूनच परततो. रडारची लहर हिमातून आरपार जाऊन खालच्या कठीण बर्फावरून परतते असं आम्ही धरून चालतो, पण हिम ओलं किंवा खारट असलं की ती मधेच अडते. शिवाय हिमाच्या वजनाने बर्फ पाण्यात दबतो. म्हणजे हिम किती साठलंय हे कळल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. कित्येक वर्षं या हिशेबात हिमाची जी खोली घातली जायची, ती सोव्हिएत संशोधकांनी 1954 ते 1991 या काळात तरंगत्या बर्फावर तळ ठोकून घेतलेल्या नोंदींवरून काढलेली होती. दरम्यान बर्फ बदलला. जुना, अनेक उन्हाळे काढलेला जाड बर्फ गेला आणि त्या जागी एकाच हिवाळ्यात धरलेला कोवळा बर्फ आला. असा बर्फ उशिरा धरतो, त्यामुळे त्यावर हिमही कमी साठतं. मग कोवळ्या बर्फावर हिमाची जुनी खोली निम्मी धरायची असं ठरलं.

इतकं ऐकल्यावर कुणीही विचारेल, की मग बर्फ पातळ झाला हे कशावरून? तर अगदी वेगळ्या वाटेने केलेल्या मोजणीवरून. शीतयुद्धात अमेरिकेच्या पाणबुड्या बर्फाखालून फिरत. 1958 साली नॉटिलस तर ध्रुवाखालून आरपार गेली. वर बर्फ किती खोल आलाय हे बघणं त्यांच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून त्या ध्वनिलहरींनी बर्फाचा तळ सतत मोजत. या लष्करी नोंदी नव्वदच्या दशकात संशोधकांना खुल्या झाल्या. 1958 ते 1976 या काळात उन्हाळ्याअखेर बर्फाची पाण्याखालची खोली सरासरी 3.1 मीटर होती, ती नव्वदच्या दशकात 1.8 मीटरवर आली होती. पुढे उपग्रहांच्या नोंदी त्याला जोडल्या तेव्हाही उतार तोच निघाला. खालून मोजणारे आणि वरून मोजणारे यांची साधनं वेगळी, चुकाही वेगळ्या, तरी उत्तर एकाच दिशेला जातं. माझा विश्वास आहे तो यावर, कुठल्या एका आकड्यावर नाही.

माझं घर भिंगारचं. नगरला चिकटलेलं, छावणीचं गाव, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं. याच जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगरात घाटघरला पाऊस कोसळतो आणि नगर तालुक्यात आभाळाकडे बघत बसावं लागतं. इथे पावसाचा आकडा म्हणजे पैसा आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तरच ती अतिवृष्टी, मग पंचनामे, मग भरपाई. मंडळात गावं कितीतरी आणि पर्जन्यमापक मात्र एखादाच. एका गावाचं पीक वाहून जातं आणि यंत्र बसवलेल्या गावात नुसती भुरभुर होते. "आमच्याकडं बांध फुटले, ताई, अन् कागदावर पाऊसच नाही," असं म्हणणारा माणूस अडाणी नसतो. नमुना अपुरा असल्याची तक्रार तो करत असतो. पाणबुडीच्या नोंदींवर शास्त्रज्ञांनी एकमेकांना नेमकं हेच विचारलं: ज्या वाटेने पाणबुडी गेली तिथला बर्फ कमी झाला असेल, पण वाऱ्याने तो लोटून कॅनडाच्या बाजूला रचला नसेल कशावरून? प्रश्न रास्त होता. जाड बर्फ तिकडे रेटला जातोच. सगळा महासागर उपग्रहाच्या टप्प्यात आला तेव्हाच त्याचं नीट उत्तर मिळालं.

लोकांचा विश्वास उडतो तो मोजणीमुळे क्वचित, भाकितामुळे फार. 2007 च्या सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ एकदम घसरला तेव्हा काही नामवंतांनी 2013 पर्यंत उन्हाळ्यात तिथे बर्फच उरणार नाही असं सांगून टाकलं. 2013 उजाडलं, बर्फ होता. त्याच 2007 सालच्या, हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या (आयपीसीसी) अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असं वाक्य शिरलं. त्याला धड आधार नव्हता, आणि 2010 च्या जानेवारीत ते मागे घ्यावं लागलं. या दोन प्रकरणांची किंमत आम्ही अजून मोजतो आहोत. हिमनद्या मागे हटत आहेत हे खरंच होतं. पण ते सांगणाऱ्याच्या तोंडी 2035 चिकटलं.

आपल्या शेजारी तर हे पोलिसांपर्यंत गेलं. 2017 च्या जुलैत पावसाने ओढ दिली तेव्हा बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलिस ठाण्यात हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. अंदाजावर विसंबून पेरणी केली, ती वाया गेली. खात्याचं बियाणं-औषधं विकणाऱ्यांशी संगनमत आहे, असाही आरोप होता. तो मला पटत नाही. पण राग मला पूर्ण समजतो. त्या वर्षी जूनमध्ये भाकीत होतं देशभरात सरासरीच्या 98 टक्के पावसाचं, चार टक्के इकडे-तिकडे. पडला 95 टक्के. खात्याच्या दृष्टीने अंदाज बसला. माजलगावच्या रानात त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण तो आकडा त्या रानाचा नव्हताच, आणि हे पेरणीआधी त्यांना समजेल अशा भाषेत कुणी सांगितलं नव्हतं.

उलट उदाहरणही आहे. 2009 च्या फेब्रुवारीत समुद्री बर्फाची रोजची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या केंद्राच्या आलेखात बर्फ अचानक कमी दिसू लागला. खुले आकडे रोज पाहणाऱ्या सामान्य वाचकांनी हे काहीतरी चुकतंय असं कळवलं. तपासलं तर उपग्रहावरचं संवेदक बिघडत चाललं होतं आणि बर्फ तब्बल 5 लाख चौरस किलोमीटरपर्यंत कमी मोजला गेला होता. केंद्राने ते जाहीर केलं, दुसऱ्या साधनाच्या नोंदी घेतल्या आणि आकडे दुरुस्त केले. या घटनेचा डंका शंका घेणाऱ्यांनीच जास्त पिटला. मला मात्र ती आमच्या क्षेत्राची बळकट बाजू वाटते.

म्हणून अडचणीचा भागही आम्हीच आधी सांगायला हवा. सप्टेंबरातल्या बर्फाचा नीचांक 2012 सालचा आहे, सुमारे 34 लाख चौरस किलोमीटर, आणि त्यानंतर इतकी वर्षं तो मोडलेला नाही. घसरणीचा वेग मंदावला आहे. समुद्र आणि वारे यांचे दहा-वीस वर्षांचे चढउतार तापमानवाढीवर स्वार होतात, कधी घसरण वाढवतात, कधी रोखून धरतात. पण 1979 पासूनच्या नोंदींत सुरुवातीची वर्षं 70 लाखांच्या आसपास होती, आणि 2007 नंतर एकही सप्टेंबर त्या पातळीच्या जवळपास फिरकलेला नाही.

"तिकडं बर्फ वितळला तर आपल्याकडं पाऊस कमी व्हतो का?" हा प्रश्न भिंगारला हटकून येतो. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरचं, 2008 साली उघडलेलं हिमाद्री स्थानक तेच चालवतं. तिथल्या काँग्सफ्योर्ड या चिंचोळ्या खाडीत 2014 पासून भारताची उपकरणं पाण्याखाली आहेत. हा फ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात चांगला गोठायचा. 2006 पासून अटलांटिकचं उबदार पाणी आत घुसतं आणि बर्फ तुटपुंजा धरतो. या केंद्राच्या संशोधकांनी 2021 साली एक संबंध मांडला: उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रात बर्फ कमी असेल तर सप्टेंबरात मध्य भारतात अतिवृष्टीची शक्यता वाढत असावी. 'असावी' हा शब्द मी गाळत नाही, आणि भिंगारच्या पावसाचं खापर कारा समुद्रावर फोडतही नाही.

मोजणीवर विश्वास बसतो तो कसा, हे नगरजवळच्या हिवरे बाजार गावात दिसतं. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभा त्या हिशेबावर पिकं ठरवते. पाणी कमी दिसलं तर जास्त पाण्याची पिकं घ्यायची नाहीत, हे लोक ऐकतात. कारण विहिरीत दोर सोडला तो आपल्यासमोर, कुणालाही पुन्हा सोडून बघता येतो.

तिकडच्याच एका शाळेत मी बर्फ मोजण्याची रीत फळ्यावर काढून दाखवली. आठवीतल्या एका मुलीने हात वर केला: "मॅडम, वरचं हिम किती ते माहीत नसेल, तर खालचा बर्फ किती हे कसं सांगता?" मी तिला सांगितलं, की आमचं अडतं ते नेमकं इथेच. आता युरोपात एक नवा उपग्रह तयार होतो आहे, क्रिस्टल नावाचा. तो एकाच वेळी दोन वेगवेगळ्या रडारलहरी सोडेल. एक लहर बहुतांशी हिमाच्या वरून परतेल, दुसरी खोल जाऊन बर्फावरून. दोन्हींतला फरक म्हणजे हिमाची खोली. तिने लगेच विचारलं, हिम ओलं असलं तर? तेव्हा दुसरी लहरही मधेच अडेल, म्हणून उन्हाळ्यातल्या आकड्यांवर आम्ही कमी भरवसा ठेवू आणि तसं आकड्याशेजारी लिहू.