धाकट्या बॅटरीचं दुखणं

हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक थोरली, एक धाकटी. कौतुक सगळं थोरलीचं. दीडशे-दोनशे व्होल्टची, कुठे त्याहूनही जास्त, आणि पेट्रोल वाचवते म्हणून जिचं नाव घ्यायचं ती हीच. धाकटी म्हणजे साधी बारा व्होल्टची, शिशाची. पुस्तकात तिला ऑग्झिलरी बॅटरी म्हणतात. पण दारांची कुलपं, दिवे, गाडीतले सगळे कॉम्प्युटर चालतात ते हिच्यावर. इतकंच काय, थोरलीची वीज गाडीला जोडून देणारं बटणसुद्धा हिच्याच जिवावर चालतं. थोरली भरलेली असली तरी तिच्या खोलीची किल्ली धाकटीच्या कमरेला!

हे मला कळलं ते गेल्या पावसाळ्यात. ह्यांची नोकरी गुवाहाटीला, आणि आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. तेव्हा गाडी ही माझी हौस नव्हे. अण्णा एकोणीस दिवस दवाखान्यात होते, मी तिथेच राहत होते आणि गाडी अंगणात उभी. त्यांना घरी आणायच्या दिवशी रिमोट दाबला तर दारच उघडेना. रिमोटच्या पोटात एक लहानशी साधी किल्ली असते, तिने उघडलं. बटण दाबलं तर समोरचे दिवे गणपतीच्या माळेसारखे लुकलुकले आणि विझले. अण्णांना रिक्षाने आणलं.

संध्याकाळी एका गॅरेजचा माणूस आला. बॉनेट उघडून पाहिलं, मीटर नाही की काही नाही, आणि म्हणाला, “हायब्रिडची बॅटरी गेली. लाखाच्या घरात जाईल. साहेबांचा नंबर द्या, त्यांच्याशी बोलतो.” साहेब गुवाहाटीला! आणि लाख रुपये म्हणजे आमच्या घरात डायलिसिसचे किती महिने, त्याचा हिशेब माझ्या डोक्यात तेवढ्यात होऊनही गेला.

शेजारचे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते मल्टिमीटर घेऊन आले. आमच्या गाडीत धाकटी डिकीत, उजव्या अंगाला, झाकणाखाली आहे. (काही गाड्यांत ती बॉनेटखाली असते, आपलं पुस्तक उघडून बघावं.) लाल तार अधिक खुणेच्या टोकाला, काळी उणेला. आकडा आला ८.९. “सूनबाई,” काका म्हणाले, “थोरलीला काही झालेलं नाही. हिचाच जीव गेलाय.”

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मोजावं. १२.६ च्या आसपास म्हणजे पोट भरलेलं. १२.२ म्हणजे निम्मं. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उपाशी. गाडी ‘रेडी’ केली की आकडा साधारण १४ कडे चढायला हवा, कारण तेव्हा थोरलीची वीज उतरवून धाकटीला पाजली जाते. साध्या गाडीत बॅटरी दमली की इंजिन कण्हत सुरू होतं, आपण सावध होतो. इथे इंजिन फिरवायचं काम थोरलीचं, त्यामुळे धाकटी कण्हतच नाही.

काकांनी ती रात्रभर चार्जरला लावली. सकाळी १२.५. तारा सुट्याच ठेवल्या, तरी संध्याकाळी ११.८! चार वर्षं होऊन गेलेली, तिच्यात आता वीज धरवत नव्हती. नवी घेताना दुकानदार बॉनेटखालची साधी बॅटरी पुढे करत होता, स्वस्त पडते म्हणून. मी घेतली नाही. डिकीतली बॅटरी माणसं बसतात त्याच डब्यात असते. तिचा वायू बाहेर सोडणारी बारीक नळी हवीच. जुनीवर लिहिलेला प्रकार, माप, टोकांची बाजू, सगळं मी कागदावर उतरवून नेलं होतं.

बसवली मी, काका नुसते उभे. हातातल्या बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवलं, मंगळसूत्र पदरात खोचलं. दहा नंबरचा पाना. आधी उणेची तार सोडायची, मग अधिकची; लावताना उलट, अधिक पहिली, उणे शेवटी. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकू द्यायचा नाही. तारांवर पांढरट बुरशी होती, ती सुट्या असतानाच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरड्या केल्या. नारिंगी जाड तारा मात्र थोरलीच्या. त्यांना आपण बोटही लावायचं नाही, ते काम शिकलेल्या माणसाचं.

सगळा खर्च हजारांत भागला. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता दुकानात परत केली, किंमतीतून थोडे पैसे वळते झाले. शिसं आणि आम्ल उकिरड्यावर जाऊ नये म्हणून २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांतही परत घेण्याची सोय आहेच.

आता अण्णा दवाखान्यात राहिले तर शेजारच्या मुलीला सांगून ठेवलंय, आठवड्यातून एकदा गाडी बाहेर उघड्यावर काढून अर्धा-पाऊण तास ‘रेडी’त ठेव. नुसता रेडिओ लावून बसू नकोस. त्याने धाकटी भरत नाही, उलट रिकामी होते. आणि बंद शेडमध्ये तर नाहीच, कारण इंजिन मधेच आपणहून सुरू होतं. दर रविवारी सकाळी मीटर मी स्वतः लावते. अण्णा खिडकीतून विचारतात, “किती गं?” परवा १२.६ होता.