हौसेला मोल नसते

‘हौसेला मोल नसते’ असे आपण सहज म्हणून जातो. हौस करताना पैशाकडे पाहू नये, एवढाच त्याचा अर्थ मी समजत होतो. गाडी विकायला काढली तेव्हा दुसरा अर्थ कळला. आपल्या हौसेचे मोल दुसरा कोणी देत नाही.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातले. एका वर्षी कापूस बरा झाला आणि आम्ही चारचाकी घेतली. आजाऱ्याला सेवाग्रामला नेणे, बियाणे आणणे, लग्नकार्याला जाणे, सगळ्याला ती कामी आली. थोरल्या मुलाचा तिच्यावर फार जीव. त्याने रुंद चाके बसवली, समोर जाड लोखंडी गार्ड लावला, टपावर चार दिवे आणि मागे मोठे स्पीकर बसवले. तीन वर्षांत बहात्तर हजार रुपये गेले. मी त्याला रागावलो, असे खोटे सांगणार नाही. पोळ्याला लोक बैलांसोबत आमची गाडीही पाहत, तेव्हा मलाही बरेच वाटे.

पुढे धाकट्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला बारा दिवस होते. कापूस विकून झालेला, पेरणी तोंडावर आलेली. गाडी विकायचे ठरले.

पहिल्या गिऱ्हाइकाने सोबत मिस्त्री आणला. मिस्त्रीने बॉनेट उघडून दिव्यांसाठी जोडलेल्या वायरी पाहिल्या आणि नुसती मान हलवली. ते परत आलेच नाहीत. दुसरे गृहस्थ हिंगणघाटकडचे. ते स्पष्टच म्हणाले, “मले लाईट नाही पाहिजे भाऊ, इंजन पाहिजे. हे सारं काढाले मलेच खर्च येईन.” शेजारच्या गावची त्याच वर्षाची साधी गाडी नुकतीच विकली होती. तिच्यापेक्षा त्यांनी पंचेचाळीस हजार कमी सांगितले. मुलगा काही न बोलता गोठ्याकडे निघून गेला.

विचार केला तर यात नवल नाही. बैलबाजारात आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगांचे बेगड आणि पाठीवरची झूल पाहून कोणी पैसे वाढवत नाही. उलट फार सजवलेला बैल दिसला की काही झाकले तर नाही ना, अशी शंका येते. गाडीचेही तसेच आहे. मूळ वायरी कापून जोड दिले की ठिणगी पडून आग लागण्याची भीती राहते. मापाबाहेरच्या रुंद चाकांचा ताण स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर येतो. चाक मूळ मापापेक्षा उंच असेल, तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि मीटर मात्र कमी किलोमीटर दाखवतो. घेणारा या सगळ्याचा हिशेब किमतीतून वजा करतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. लोखंडी गार्डवर कारवाई करा, असे केंद्र सरकारने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते. असा गार्ड पायी चालणाऱ्याला घातक ठरतो आणि एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो. गॅस किट बसवता येते, पण ते मान्यताप्राप्त हवे, आर.सी. बुकात त्याची नोंद हवी आणि विमा कंपनीलाही कळवायला हवे. नोंद नसली तर गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना काम अडते.

आम्हाला वाचवले ते माझ्या आईने. मूळ चाके भंगारवाल्याला द्यायला निघालो, तेव्हा तिने दिली नव्हती. “खात नाही, पेत नाही, राहू दे,” म्हणाली आणि गोठ्यात तुराट्यांमागे ठेवून दिली. मुलाने ती धुऊन आणली. मिस्त्रीकडून चाके बदलली, दिवे उतरवले, वायरी सरळ करून घेतल्या. गार्ड लोखंडाच्या भावाने किलोवर गेला. सर्व्हिसच्या पावत्या जपून ठेवलेल्या होत्या, त्या समोर मांडल्या. हिंगणघाटचे गृहस्थ पुन्हा आले आणि तीस हजारांनी वर चढले. फी वेळेवर भरली. पण बहात्तर हजारांतले हाती फारसे काही आले नाही.

म्हणून सांगतो, हौस जरूर करा. सीटकव्हर घाला, पायपुसणी टाका; ती काढली तरी गाडीला इजा होत नाही. पण वायर कापण्याआधी किंवा पत्र्याला भोक पाडण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा. काढलेला मूळ भाग फेकू नका आणि पावत्या एका पिशवीत ठेवा. हौसेवर घातलेला पैसा खर्च म्हणूनच धरा, ठेव म्हणून नव्हे.

थोरल्याने परवा जुना ट्रॅक्टर घेतला. घरी आणल्यावर त्याने पहिल्यांदा ऑइल बदलले. स्पीकरचे नाव अजून काढलेले नाही.