महादेवपुऱ्यातील सहा आठवडे

बेंगळूरच्या पूर्वेस कृष्णराजपुरम् सोडून व्हाइटफील्डचा रस्ता धरला, की थोड्याच वेळात महादेवपुरा लागतो. एकेकाळी शेते आणि तळी यांच्यामधले हे गाव २००७ साली महानगराच्या हद्दीत आले. मार्च २०२३ पासून रस्त्याच्या माथ्यावरून मेट्रोही धावू लागली. प्रवाशाने मुद्दाम पाहावयास यावे असे येथे फारसे काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. मात्र संगणक-कंपन्यांतील नोकऱ्यांमुळे अनेक मराठी कुटुंबे या बाजूस राहतात, आणि त्यांच्यामागोमाग गावाकडची वडीलधारी माणसेही येतात. शहाजीराजांना १६३८ साली बेंगळूरची जहागीर मिळाली होती. ही मंडळी नातवंडांसाठी येतात, आणि कधी कधी शस्त्रक्रियेसाठी.

आमच्या आत्या साताऱ्याहून आल्या त्या खुब्याच्या दुखण्याने. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या खोबणीत फिरतो. मधली कूर्चा झिजली, की हाडावर हाड घासू लागते व पाऊल टाकणे नकोसे होते. अशा वेळी माथा आणि खोबण दोन्ही कृत्रिम बसवितात. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचा माथा आणि प्लास्टिकची वाटी यांची जोडी जमविली; आजची शस्त्रक्रिया तिचीच सुधारलेली आवृत्ती होय.

आपणांस वाटेल, इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने अंथरुणास खिळून राहावे. घडते ते उलटच. दुसऱ्याच दिवशी सकाळी आत्यांच्या हाती वॉकर देऊन त्यांना उभे करण्यात आले. परिचारिका म्हणाली, “निधान, अम्मा, निधान!” आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अरे, ही मला कसला ठेवा दाखवते आहे?” कानडीत ‘निधान’ म्हणजे सावकाश, हे मी त्यांस सांगितले. भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. पण त्यातून इतका तात्काळ उपयोग क्वचितच झाला असेल. त्यानंतर पावलोपावली त्या स्वतःशीच ‘निधान’ म्हणू लागल्या. बिछान्यावर पडल्या पडल्या पाऊल घोट्यातून वरखाली हालवीत राहावयाचे, हाही एक नेमच होता. त्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांना कळवावे, असे आम्हांस बजावण्यात आले.

खरी कसोटी घरी होती. सांधा मागील बाजूने उघडला असल्याने तीन गोष्टी वर्ज्य होत्या: खुबा काटकोनापलीकडे वाकविणे, पायावर पाय टाकणे आणि शस्त्रक्रिया झालेला पाय आत वळविणे. आता आपल्या घरांचा विचार करा. पाटावर जेवण, उकिडवे बसून निवडणे-टिपणे, मांडी घालून पूजा. आपला सारा संसारच जमिनीला धरून असतो! आम्ही सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, हातांची उंच खुर्ची आणली, कमोडवर उंच बैठक बसविली, न्हाणीघरात स्टूल ठेवले. झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी आली. हे सर्व आत्यांनी मुकाट्याने मान्य केले. अडले ते देवापाशी.

“देव खाली आणि मी खुर्चीत वर? माझ्याने नाही व्हायचे,” असे म्हणून त्यांनी दोन दिवस पूजा केली नाही. दोन्ही दिवस त्या धड जेवल्याही नाहीत, आणि शरीर भरून येण्यास तर अन्नाची नितांत गरज! औषधाच्या गोळ्यांनी हा प्रश्न सुटणारा नव्हता. अखेर सुनेने देव्हारा उचलून उंच टेबलावर ठेवला. आत्या समोर खुर्चीत बसल्या, तेव्हा देव त्यांच्या कपाळाच्याही वर आले. त्यांनी अंतर नीट न्याहाळले, मग समई मागितली.

दोन आठवड्यांनी टाके निघाले. जिन्याचा नियम नातीने पाठ करून घेतला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी वॉकरऐवजी काठी दिली, तीही दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. मग आम्ही सकाळी तळ्याकाठच्या वाटेवर जाऊ लागलो. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवरील या शहराची सकाळची हवा आजाऱ्यास सुखावते. पदपथ मात्र धडधाकट माणसासही अडखळवितात, म्हणून वाट आम्ही आधी स्वतः चालून पाहिली होती.

गणपतीला साताऱ्यास जाण्याचा आत्यांचा हट्ट होता. डॉक्टरांनी दिवस मोजले आणि होकार दिला, वाटेत मधून मधून उठून फिरण्याच्या अटीवर. त्याच संध्याकाळी त्यांनी बांधाबांध सुरू केली. पहिली वस्तू कमोडवरची उंच बैठक होती. ती त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळली. दुसरी, सुताराला दाखविण्यासाठी, देव्हाऱ्याखालच्या टेबलाची उंची लिहिलेली चिठ्ठी.