वाघिणीच्या आधी गवत

पैठण

ती. मामांस,


गौताळा अभयारण्यात वाघीण आणून सोडायला काय हरकत आहे, असं तुम्ही विचारलंत. हरकत वाघिणीचीच असेल.

मार्च 2021 मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात वाघ दिसला तेव्हा अख्खा जिल्हा हरखला. तो यवतमाळच्या टिपेश्वरचा. त्याआधी, 2019 मध्ये, तिथलाच ‘वॉकर’ नावाचा वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. त्याची एकूण भटकंती 3000 किलोमीटरच्या घरात गेली. टिपेश्वर जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. वयात आलेल्या नराला थोरल्यांपुढे तिथे जागा उरत नाही, मग तो शेतं, रस्ते, कालवे ओलांडत निघतो. मादी मात्र सहसा आईच्या शेजारीच हद्द धरते. म्हणून इतक्या लांब येतो तो नर, आणि आला तरी एकटाच.

मग मादी उचलून आणायची? सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात तेच चाललंय. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याची तरुण वाघीण चांदोलीत आणली. पण तो व्याघ्र प्रकल्प झाला 2010 मध्ये! मधल्या काळात सागरेश्वरची चितळं तिकडे नेऊन सोडली. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात; तेवढी जाऊनही कळप टिकायचे तर रानात पाचशेच्या आसपास हवीत.

आणि कळपांना गवत हवं. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं उठली, त्यांच्या शेतांची कुरणं झाली. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. कुरणात माजणारी घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखालचा गड्डा कुदळीने तोडून झुडूप उलटं टाकावं लागतं, पुढची काही वर्षं रोपं उपटत राहावी लागतात. तेव्हा कुठे मारवेल, पवन्या धरतात. शिवाय गावच्या गुरांची सोय न करता चराईबंदीची पाटी लावली, तर गुरं पाटीला अंग घासून पुढे चरायला जातात.

गौताळा 261 चौरस किलोमीटरचा, 1986 पासून अभयारण्य. म्हणजे प्रश्न जागेचा नाही, गवताचा आणि कळपांचा आहे.

तेव्हा वनखात्यातलं कुणी कन्नडला भेटलं, तर वाघीण कधी येणार हे विचारू नका. नीलगाई, रानडुकरं किती आणि गुरांचा चारा कुठून, एवढं विचारा आणि मला कळवा.

मामींना नमस्कार.

आपला,
भाचा