पोच

मे 2021. दुसऱ्या लाटेत पुण्यातली खोली सोडून मी माकणीला आलो होतो आणि घरूनच काम करत होतो. घरात नेटवर्कची एक काडी यायची, गच्चीवर दोन. दुपारी डोक्यावर उपरणं टाकून मी गच्चीवर मीटिंगला बसायचो. समोर निम्न तेरणा धरणाची भिंत आणि तळाला गेलेलं पाणी.

त्याच आठवड्यात बातमी आली. महाराष्ट्र एटीएसनं 7.1 किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं होतं. दोघांना अटक झाली होती. तपासाचा माग ठाण्यापासून मानखुर्दच्या भंगारवाल्यांपर्यंत गेला होता. किंमत सांगितली 21 कोटी 30 लाख. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तपासून ते युरेनियमच असल्याचं सांगितलं आणि पुढे तपास एनआयएकडे गेला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तोवर कुणीतरी मुंबई उडवलीसुद्धा होती.

अण्णांनी विचारलं, "काय बघालास एवढं?" मी सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न बाँबचा नव्हता. ते म्हणाले, "सात किलो कमी पडल्यालं कुणाच्या वहीत दिसलं नाही व्हय?"

मी हसलो. अण्णांची जिंदगी कट्टे मोजण्यात गेली. सोयाबीन लातूरला न्यायचं तर टेम्पोत चढताना मोजायचं, अडतीवर उतरताना परत मोजायचं आणि हातात पोच पडल्याशिवाय चहालासुद्धा हलायचं नाही. एका वर्षी मला परीक्षेला सोडायचं म्हणून ते थांबले नाहीत. दोन कट्टे कमी भरले. ड्रायव्हर म्हणाला, मी सगळे उतरवले. हमाल म्हणाला, आले तेवढे घेतले. दोघांपैकी कुणाला खोटं म्हणायचं, हे अण्णांना आजही सांगता येत नाही.

त्या प्रश्नापायी मी वाचायला बसलो. बाँबचा भाग लवकर मिटला. नैसर्गिक युरेनियमात अणुविखंडनाला लागणारं यू-235 जेमतेम 0.7 टक्के असतं. समृद्धीकरणाचे मोठाले कारखाने असल्याशिवाय त्याचा बाँब होत नाही. शेजारी उभं राहिल्यानं माणूस मरत नाही. पण भुकटी श्वासातून किंवा पोटात गेली तर वाईट, मूत्रपिंडावर परिणाम होतो.

मला धरून ठेवलं ते वाहतुकीनं. खाणीतल्या दगडात युरेनियम अगदी थोडं असतं. तो दळून, रसायनांत विरघळवून, वाळवून जी भुकटी उरते तिला 'यलोकेक' म्हणतात. झारखंडच्या जादुगुड्यात किंवा आंध्रच्या तुम्मलपल्लीत ती तयार होते. 2008 नंतर कझाकस्तान, कॅनडा अशा देशांतूनही येऊ लागली. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तिचं इंधन बनतं. जगभर ती प्रवास करते दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममधून. वीस फुटी कंटेनरमध्ये असे तीस-चाळीस ड्रम पक्के बांधलेले असतात. ड्रमला क्रमांक आणि सील. बाहेर तीन पात्यांचं चिन्ह आणि 2912 हा आकडा.

आपल्याकडे तेव्हा 1962 च्या अणुऊर्जा कायद्यानं युरेनियम 'विहित पदार्थ' होतं. परवान्याशिवाय ते बाळगणं, विकणं, नेणं गुन्हा आहे. वाहतूक सुरक्षित कशी करायची, याचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. त्यांत एक गोष्ट मला फार आवडली. वाटेत काही झालं तर काय करायचं, काय करायचं नाही, कुणाला फोन करायचा, हे ड्रायव्हरजवळ लेखी असावं लागतं. म्हणजे अपघात होईल, हे धरूनच नियम लिहिलाय. माणसाला रस्त्यावर एकटं सोडलेलं नाही.

आणि एक आंतरराष्ट्रीय करार आहे, 1980 चा. भारत त्यात 2002 मध्ये आला. त्याच्या परिशिष्टात म्हटलंय, की एका देशातून दुसरीकडे 500 किलोपेक्षा जास्त नैसर्गिक युरेनियम जात असेल, नुसतं खनिज नव्हे, तर तीन गोष्टी लागतात. कसं जाणार ते आधी कळवायचं. कधी पोचेल ते कळवायचं. आणि मिळाल्यावर मिळालं म्हणून कळवायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे पोच. अण्णांचा नियमच की!

अर्थात कागद आहे म्हणून माल आहे, असंही नाही. मार्च 2023 मध्ये लिबियातल्या एका ठिकाणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक गेले, तर आधी नोंदवलेले दहा ड्रम, सुमारे अडीच टन यलोकेक, जागेवर नव्हते. पण नव्हते हे कळलं, कारण कुणीतरी स्वतः जाऊन मोजलं. मानखुर्दच्या सात किलोंचं दुखणं उलटं. ते सापडलं, पण कुठल्या वहीतून गेलं ते दिसत नव्हतं. 2016 मध्येही ठाण्यात सुमारे नऊ किलो क्षीण युरेनियम पकडलं होतं. टनांनी जाणाऱ्या मालाला सील असतं. किलोंनी निसटणारा माल भंगारात जातो, आणि भंगारात पोच कोण मागतो?

हे सगळं मी इतकं मन लावून वाचलं आणि तरी पुढच्या वर्षी जे केलं ते केलं.

मी ट्रकच्या ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. क्लायंटला डॅशबोर्डवर हिरवे ठिपके हवे होते. गोदामवाले ॲपमध्ये पोच द्यायला उशीर करायचे, म्हणून ट्रिपा उघड्याच राहायच्या. मी एक नियम लिहिला: गाडी गोदामाच्या तीनशे मीटरच्या आत आली आणि वीस मिनिटं थांबली, की 'डिलिव्हर्ड'. चौदा ओळींचा कोड. शाबासकी मिळाली.

एका रात्री एक गाडी गोदामाच्या बंद गेटबाहेर उभी राहिली. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला. पहाटे ताडपत्री फाटलेली आणि तूरडाळीची चार पोती गायब. माझी सिस्टीम म्हणत होती, माल रात्री 11:40 ला पोचला. तेव्हा कुणीच तक्रार केली नव्हती, मग चोर कोण? ड्रायव्हरच्या पगारातून पैसे कापले.

तक्रार आमच्याकडे आली ती 'डेटा बरोबर आहे का' एवढं तपासायला. कॉलचं रेकॉर्डिंग मी ऐकलं. तो ओरडत नव्हता. एकच वाक्य परत परत म्हणत होता, "साहेब, मी पोचलो होतो, माल दिला नव्हता."

डेटा बरोबर होता. 11:40 ला गाडी तिथेच होती.

मी नियम बदलायला लावला. आता 'आगमन' वेगळं आणि 'पोच' वेगळी. पोच माणूसच देतो, मोजून. उघड्या ट्रिपा वाढल्या, ठिपके लाल झाले, तीन मीटिंगा झाल्या. पण नियम टिकला. त्या ड्रायव्हरचे पैसे परत मिळाले का, हे मी दोनदा विचारलं. तो आमचा विषय नाही, असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. त्याचा नंबर तिकिटात होता. मी फोनही केला नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा अण्णांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या साली मी टेम्पोवाल्याचं भाडं कापलं होतं. दोन कट्ट्याचं."

हे मला माहीत नव्हतं.

परत निघालो तेव्हा नेहमीसारखे रस्त्यापर्यंत सोडायला आले. उमरग्याची गाडी आली. म्हणाले, "पोचल्यावर फोन कर."