आठ हातांची आई

आईच्या औषधांच्या डब्यात समुद्रफेसाचा एक तुकडा असे. पांढरा, हलका, नखाने खरवडला की भुकटी होणारा. आम्हां मुलांना वाटे, लाटांचा फेसच वाळून असा घट्ट झाला असावा. पुढे कळले, की ते माकुळाच्या एका भाऊबंदाचे पाठीतले कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांत हवा आणि पाणी कमीजास्त करून तो प्राणी हवा तसा तरंगतो.

तेव्हापासून मला या गोतावळ्याचा नाद लागला. त्यातला सर्वांत हुशार म्हणजे ऑक्टोपस. त्याला हृदये तीन, रक्त निळे, मज्जापेशी सुमारे ५० कोटी. आणि त्यांतल्या बहुतेक हातांत! बरणीचे झाकण फिरवून तो आतला खेकडा काढतो, क्षणात खडकाचा रंग अंगावर घेतो. पण बहुतेक जातींचे आयुष्य जेमतेम एक-दोन वर्षांचे.

२००७ साली कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरात, सुमारे १४०० मीटर खोलीवर, शास्त्रज्ञांना खडकावर अंडी कवटाळून बसलेली एक मादी दिसली. पुढे ते जेव्हा जेव्हा गेले, तेव्हा ती तिथेच. यंत्राच्या हाताने तिच्यापुढे खेकड्याचे तुकडे धरले, तर तिने तोंड लावले नाही. कातडी सैल पडली, डोळे धुरकटले, तरी ती हलली नाही. अशी ५३ महिने! २०११ च्या ऑक्टोबरात ती दिसेनाशी झाली. खडकावर अंड्यांची रिकामी टरफले तेवढी उरली होती.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. पिल्ले जन्मतात आणि आई जाते. एवढ्या बुद्धिमान जीवाला चार शब्द सांगणारे कोणी नाही! प्रत्येकाने सारे जग पुन्हा पहिल्यापासून शिकायचे.

माझी आई तर सतत सांगत राही. "मोहन कडकडीत घाल," "पणती वाऱ्याला ठेवू नकोस." दर दिवाळीला तेच. मी वैतागून म्हणे, "अगं, किती वेळा सांगशील!" आता ती नाही. समुद्रफेसाचा डबा मात्र आहे.

परवा मुलगी चकल्या करायला बसली. मी दारातूनच म्हणालो, "मोहन कडकडीत घाल हं."

"बाबा, किती वेळा सांगाल!" ती फणकारली.

मला फार बरे वाटले.