तीनशे साठ रुपयांचा फरक

रात्री रोजमेळ जुळविताना रोख शिल्लक वहीपेक्षा 360 रुपयांनी कमी भरली. गल्ल्यावर त्या दिवशी नवा मुलगा बसला होता. शेठजी फारसे बोलले नाहीत. ‘उद्यापासून येऊ नकोस,’ एवढेच म्हणाले. मुलगा मान खाली घालून पायरीशी उभा राहिला.

वृद्ध दिवाणजींनी मात्र आधी 360 ला नऊने भागले. भागाकार 40. लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने निःशेष भाग जातो, हे जुन्या हिशेबनिसांना पाठ असते. चाळिसावरून त्यांनी आणखी एक गोष्ट ताडली : शतक व दशक स्थानांचे अंक उलटले असावेत आणि त्यांत चारांचे अंतर असावे. नऊने भाग गेला म्हणजे चोरी झालीच नाही, असे अर्थातच सिद्ध होत नाही. शोध कोठून सुरू करावा, एवढेच कळते. थोड्याच वेळात पावती सापडली. जमा 5,480, वहीत 5,840. अक्षर खुद्द शेठजींचे होते. त्यांनी मुलाला आत बोलावले, वही त्याच्यापुढे ठेवली आणि आपली चूक त्याच्यादेखत दुरुस्त केली.

‘पण नऊच का?’ असे मुलाने दुसऱ्या दिवशी विचारले, तेव्हा दिवाणजी निरुत्तर झाले. उत्तर दिले गणित शिकणाऱ्या शेठजींच्या नातीने. नऊचा हा गुण संख्येचा नसून लेखनाचा आहे. आपण दहाला हातचा धरतो, म्हणून दहा वजा एक. सहाला हातचा धरला तर अंक 0 ते 5 एवढेच उरतात. डझन 20 असा लिहावा लागतो आणि ग्रोस, म्हणजे 144 नग, 400 असा. सव्वीस म्हणजे चार षट्के व दोन, अर्थात 42. ते चुकून 24 लिहिले गेले तर किंमत सोळा होते. फरक दहा, त्याला पाचाने भाग जातो.

सात मात्र कोणत्याही लिपीत सातच. षट्कांत तो 11 दिसेल, पण अविभाज्यच राहील. या लेखनाची एक मौज अशी की, दोन व तीन वगळता प्रत्येक मूळ संख्येचा शेवटचा अंक 1 किंवा 5 येतो. कारण 0, 2, 4 वर संपणारी सम आणि 3 वर संपणारी तिनाने विभाज्य. उलट विधान खरे नाही. पस्तीस 55 अशी लिहिली जाते, पण ती पाच गुणिले सात आहे.

ही केवळ कागदी कल्पना नव्हे. पापुआ न्यू गिनीच्या दक्षिणेकडील कोम्न्झो भाषेत 6, 36, 216, 1,296, 7,776 आणि 46,656 यांना स्वतंत्र शब्द आहेत. तेथे कोनफळाच्या जातीचे कंद मोजताना दोघे जण प्रत्येकी तीन कंद उचलतात आणि सहांची एक खेप धरतात. जैन घरांत कंद वर्ज्य असले, तरी त्यांची मोजणी वर्ज्य नसावी!

मुलाने पुड्याच्या कागदावर 51 व 15 लिहिले : एकतीस आणि अकरा. वजाबाकी वीस. पाचाने भागून चार आले. पाच व एक यांतील अंतरही चारच. दिवाणजींनी तो कागद मागून घेतला, चष्मा पुसला आणि पुढची जोडी स्वतः मांडली.